राजाच्या डोक्यातली पाल

एकदा काय झालं, एक राजा होता आणि त्याचं डोकं दुखत होतं.

हसू नका. राजाचंसुद्धा डोकं दुखतं. आणि तुमच्यासारखं शाळा बुडवण्यापुरतं नाही, खरोखरचं दुखतं. कोण हसलं मघाशी? मला अंधारातही दिसतं, सांगून ठेवते. गोधडी नीट घ्या आणि ऐका.

त्या राजाचं नाव निर्भयराज. बारशाला ठेवलं नाव, तेव्हा कुणाला काय ठाऊक पुढं काय होणार! हा निर्भयराज इतका संशयी, इतका संशयी, की पानात वाढलेल्या मिठाकडंही तिरका बघायचा. पण तो पहिल्यापासून तसा नव्हता, बरं का. आधी चांगला होता. प्रजेच्या घरी लग्न असलं की न बोलावता जायचा, पंगतीत बसायचा, जिलबीचा आग्रह झाला की नाही म्हणायचा नाही. मग असा कसा झाला? तेच तर सांगते आहे. मध्ये बोलू नका.

एका दुपारी राजा जेवून सज्जात आला. खाली अंगणात दोन दासी पोट धरून हसत होत्या. राजा दिसला तशा एकदम गप्प झाल्या. तोंडाला पदर लावला आणि आत पळाल्या. आता खरं काय झालं होतं, तर मांजराचं डोकं दुधाच्या गडूत अडकलं होतं आणि ते मांजर गडू घेऊनच अंगणभर फिरत होतं. मीसुद्धा हसले असते. पण राजाला मांजर दिसलंच नाही. त्याला दिसल्या त्या फक्त गप्प झालेल्या दासी. त्याच्या मनात आलं, ‘ह्या मलाच हसत होत्या.’

तेवढ्यात भिंतीवर पाल चुकचुकली. चुक्, चुक्, चुक्.

आता आपल्याकडं रीत काय आहे? कुणी बोलत असताना पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं असं समजायचं. मग जमिनीवर नाहीतर लाकडावर बोटाचं पेर वाजवायचं आणि म्हणायचं, ‘कृष्ण कृष्ण.’ तुमची आई करते की नाही? करते. मीही करते. तसंच राजानं केलं. सज्जाच्या कठड्यावर बोट वाजवलं, टक टक टक. म्हणाला, ‘कृष्ण कृष्ण! म्हणजे खरंच मला हसत होत्या.’

खरं तर त्यानं खाली हाक मारायची होती. ‘काय गं, काय झालं हसायला?’ एवढं विचारलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती आणि मीही आडवी झाले असते. पण राजानं विचारलं नाही. ओठापर्यंत आलेला प्रश्न त्यानं गिळून टाकला. आणि गिळलेला संशय कुठं जातो ठाऊक आहे? पोटात नाही जात. डोक्यात जातो.

ती पाल साधीसुधी नव्हती, बरं का. साध्या पाली किडे खातात, दिव्याभोवतीची पाखरं खातात. ही होती संशयपाल. हिला दुसरं काही पचतच नाही. माणसानं मनातल्या मनात गिळलेले संशय, तेवढंच तिचं खाणं. भिंतीवर बसल्या बसल्या तिला वास आला. ‘अगबाई,’ ती म्हणाली, ‘हा तर न विचारताच गिळणारा माणूस. इथं माझी चंगळ होणार.’

मग राजा दुपारचा झोपला. पाल भिंतीवरून उतरली, मंचकावर आली, उशीवर आली, आणि राजाच्या डाव्या कानातून आत शिरली.

कशी शिरली म्हणजे? लहान होती. तांदळाच्या कणीएवढी होती. आणि आत्ताच्या आत्ता कानावरचे हात काढा, तुमच्या कानात काही शिरत नाही.

राजा जागा झाला तो डोकं धरूनच. डाव्या कानशिलात ठणका. डोळ्याच्या मागं कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. उजेड नको, आवाज नको, अन्नाचा वास नको. दारातला चौघडा वाजला की पोटात ढवळून यायचं. एकदा दुखायला लागलं की सूर्य मावळेपर्यंत राहायचं. मग थांबायचं, दोन दिवस बरे जायचे, आणि पुन्हा सुरू.

आणि मधूनच आवाज यायचा. चुक्, चुक्, चुक्.

सगळे वर बघायचे. आढ्याला बघायचे, कोपऱ्यात बघायचे, तसबिरींच्या मागं बघायचे. पाल कुठंच नाही. पण आवाज तर आला! मग रीत ती रीत. प्रधान चौरंगावर बोट वाजवायचा, सेनापती ढालीवर वाजवायचा, हुजरे खांबावर वाजवायचे. सगळा दरबार टकटक करायचा, सुतारकाम चालल्यासारखं. आणि राजा कुठं वाजवायचा? त्याला तो आवाज अगदी जवळून यायचा. म्हणून तो स्वतःच्या कपाळावरच बोटाचं पेर आपटायचा. टक टक टक, कृष्ण कृष्ण. आधीच ठणकतंय, त्यात वरून टोले!

तरी त्या वेळी राजाला उतार पडायचा. कारण त्याची काळजी घेणारी तीन माणसं होती. आता नीट ऐका, ही तीन माणसं महत्त्वाची आहेत.

पहिली सगुणाक्का. राजाची आचारीण. ठसठशीत कुंकू, मोठा आवाज, आणि हाताला अशी चव की काय सांगू! डोकं रिकाम्या पोटी जास्त दुखतं, हे तिनं बरोबर हेरलं होतं. म्हणून दिवस उगवायच्या आत ती राजाला गरम दुधात जिलबी बुडवून खायला घालायची. राजा बिछान्यात बसून खायचा आणि ठणका निम्मा व्हायचा.

दुसरे धुंडिराजवैद्य. सहाणेवर सुंठ उगाळायचे, तिचा पातळ लेप राजाच्या कपाळाला लावायचे, नाकात गाईच्या तुपाचे थेंब सोडायचे, पडदे ओढायचे आणि सांगायचे, ‘महाराज, आता निजा.’ राजाला झोप लागायची.

आणि तिसरी राणी केतकी. ती संध्याकाळी राजाचं डोकं मांडीवर घ्यायची. तेल घालायची. भुवईच्या टोकापासून कानशिलापर्यंत आणि तिथून मानेपर्यंत अशी अंगठ्यानं दाबत न्यायची, की राजाला वाटायचं, आता मला काही नको. ती काही बोलायची नाही. राजाही बोलायचा नाही.

डोक्यातली पाल हे सगळं बघत होती. तिला ह्या तिघांचा राग राग यायचा. दुखणं कमी झालं की राजा हसायचा, हसला की संशय विसरायचा, आणि पालीला उपास घडायचा. ‘ही तिघं इथून गेली पाहिजेत,’ ती म्हणाली. ‘मग सगळं डोकं माझंच.’

मग काय झालं, एका पहाटे सगुणाक्का दूध घेऊन आली. दारातच थांबली. कमरेची चंची काढली, तिच्यातून चिमूटभर काहीतरी दुधात टाकलं, आणि चंची पटकन पदराआड केली. राजानं एका डोळ्यानं बघितलं. मनात म्हणाला, ‘हिनं काय टाकलं?’

चुक्, चुक्, चुक्.

टक टक टक. ‘कृष्ण कृष्ण! म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट टाकलं.’

अरे, जायफळ होतं ते! मुदपाकखान्यातल्या पोरी जायफळ पळवायच्या, म्हणून सगुणाक्का ते कमरेला बांधून फिरायची. विचारलं असतं तर तिनं चंची उलटी करून दाखवली असती, आणि वर त्या पोरींची चार गाऱ्हाणीही ऐकवली असती. पण राजानं विचारलं नाही. गिळलं. सकाळी हुकूम सुटला, ‘सगुणाक्काला राज्याच्या सीमेपार सोडा.’

‘पण माझी चूक काय?’ सगुणाक्का ओरडली.

कुणाला ठाऊक असेल तर सांगणार ना! शिपायांनी तिचं गाठोडं बैलगाडीत टाकलं आणि नेलं.

पालीनं तो संशय चाटूनपुसून खाल्ला आणि ती वालाच्या दाण्याएवढी झाली. इकडं राजानं नवा आचारी ठेवला. पण आता प्रत्येक घास आधी आचाऱ्यानं खायचा, मग हुजऱ्यानं खायचा, मग कुत्र्याला घालायचा, मग वाट बघायची. तोवर भात गार गोळा. राजा पान सरकवून उठायचा. पोट रिकामं, डोकं ठणठणतंय. पूर्वी मध्ये दोन दिवस तरी बरे जायचे, आता एक दिवसाआड दुखायला लागलं.

मग आली धुंडिराजवैद्यांची पाळी. एकदा ते सहाणेवर सुंठ उगाळत बसले होते. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. पुटपुटतायत काहीतरी. राजा पडल्या पडल्या बघत होता. मनात म्हणाला, ‘हा कसला मंत्र घालतोय? करणी तर करत नाही ना माझ्यावर?’

चुक्, चुक्, चुक्. टक टक टक. कृष्ण कृष्ण.

तुम्हाला सांगते वैद्य काय पुटपुटत होते. त्यांच्या घरी नातवंड झालं होतं. त्याला निजवायला वैद्यबुवांना एक अंगाई शिकवली होती सुनेनं, आणि त्यांना ती पाठ होत नव्हती. एवढं चरक पाठ केलेलं माणूस, पण ‘चिमणी आली, दाणा घेऊन गेली’ ह्याच्यापुढं काय, ते आठवेना. म्हणून घोकत होते. बाकी काही नाही.

राजानं विचारलं? नाही विचारलं. वैद्यबुवा सहाण काखेत मारून सीमेपार गेले.

पाल आता बोटाएवढी झाली. डोक्यात तिला पाय पसरायला जागा लागायची, ती इकडून तिकडं वळायची, आणि वळली की राजाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. सुंठीचा लेप नाही, तुपाचे थेंब नाहीत. आड कुणी दबा धरून बसेल म्हणून राजानं महालातले पडदे काढून टाकले. समया दिवसाही जळायला लागल्या. आता दुखऱ्या डोक्याला उजेड चालतो का? तुम्हीच सांगा. पण संशयी माणसाला अंधार चालत नाही. अशा पेचात सापडला बिचारा. बिचाराच म्हणायचं. मला राग येतो त्याचा, पण दुखत तर खरंच होतं ना.

आता उरली एकटी राणी केतकी. तिच्या अंगठ्यानं अजून घटकाभर बरं वाटायचं. तेवढाच काय तो आधार राहिला होता राजाला. आणि पालीला तेवढाच काय तो अडथळा.

राणी रोज दुपारी, सगळे जेवून लवंडले की, एक वाटी घ्यायची. वाटीवर झाकण. मागल्या दारानं निघायची, इकडं बघायची, तिकडं बघायची, आणि कोठाराकडं जायची. कोठार म्हणजे धान्याच्या कणग्या ठेवायची खोली. खिडकी नाही, उजेड नाही. आत जायची आणि दार लोटून घ्यायची. बऱ्याच वेळानं बाहेर यायची ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून, डोळे खाली घालून.

एकदा राजानं बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्या दुपारी तो खांबाआड उभा राहिला, तर पुन्हा तेच. झाकलेली वाटी, कोठार, ओढलेला पदर.

मनात म्हणाला, ‘कुणाला भेटते? त्या वाटीत काय आहे? रोज माझ्या डोक्याला तेल घालते, त्या तेलात हेच तर नाही ना?’

चुक्, चुक्, चुक्! इतक्या मोठ्यानं चुकचुकली की राजाचे कान बधिर झाले. त्यानं कपाळावर पेर आपटलं, टक टक टक, आणि डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ते टोल्यानं आलं की दुसऱ्या कशानं, मला नाही सांगता यायचं. राणीवर त्याचा जीव होता. पण विचारलं नाही. हाही प्रश्न गिळला. केवढा मोठा घास, पण गिळला! पाल दिवसभर बसून खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. बाहेर पालखी आणून ठेवली. पालखीला काळा पडदा. राणीला सांगितलं, दरबारात या. का, ते सांगितलं नाही. राणी येऊन उभी राहिली, तिला वाटलं कुठं लग्नाला जायचं असेल. राजा सिंहासनावर बसला होता, एक डोळा मिटलेला, दुसरा लालभडक. आता तोंड उघडून ‘सीमेपार’ म्हणायचं, की संपलं. राणी गेली की त्याचं डोकं मांडीवर घेणारं कुणी उरणार नव्हतं. ती पाल आणि तो, दोघंच.

तेवढ्यात दारात गलका झाला. ‘सरका रे! सरका म्हणते ना! भालदार असशील तुझ्या घरी!’

कोण आलं? राजाची आत्या, बायजाबाई. सीमेपलीकडच्या गावात राहायची. तिच्या गावी एक दिवस सगुणाक्का गाठोडं घेऊन पोहोचली. मग वैद्यबुवा सहाण घेऊन पोहोचले. तिनं दोघांनाही ठेवून घेतलं, चार दिवस सगुणाक्काच्या हातचं जेवली, आणि म्हणाली, ‘असली बाई हाकलून देतो म्हणजे माझ्या भाच्याच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. जाऊन बघते.’ म्हणून बैलगाडी जोडून आली. ते दोघं गाडीतच बसले होते, आत यायची छाती होईना.

आता ह्या आत्याबाईंची एक गंमत होती. त्यांना ऐकू यायचं नाही. अगदी कानाशी नगारा वाजवला तर म्हणायच्या, कुणी खोकलं का?

आत्या सरळ सिंहासनापाशी आली. तेवढ्यात, चुक् चुक् चुक्! प्रधानानं चौरंगावर टकटक केलं, सेनापतीनं ढालीवर केलं, आणि राजानं कपाळावर केलं. आत्याला पालीचा आवाज कुठला ऐकू यायला! तिला दिसलं ते एवढंच, की भाचा भर दरबारात स्वतःच्या कपाळावर टोले मारून घेतोय.

‘अरे निर्भया,’ ती म्हणाली, ‘डोकं कशाला बडवून घेतोस? आणि बायको अशी अपराध्यासारखी का उभी केलीस?’

राजा वाकला आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाला, ‘आत्याबाई, राणी मला विष घालते.’

‘वीस? कसले वीस?’

राजाला घाम फुटला. सगळा दरबार बघत होता. तो जरा मोठ्यानं म्हणाला, ‘वाटी, आत्याबाई! राणीची वाटी!’

‘काठी? मला नको काठी. अजून धड चालते मी. मोठ्यानं बोल की रे, जेवला नाहीस का?’

आणि मग राजाचा धीर सुटला. इतक्या दिवसांचं दुखणं, उपास, जागरण, सगळं एकदम आलं. तो सिंहासनावरून उठला, छाती भरून श्वास घेतला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, ‘राणी रोज दुपारी झाकलेली वाटी घेऊन कोठारात कुठं जाते? त्या वाटीत असतं काय? ते माझ्या तेलात घालते का? मला भीती वाटते, आत्याबाई!’

झालं! जो संशय गिळायचा, तो तोंडातून बाहेर पडला. पालीच्या तोंडचा घास पळाला. ती त्याच्या मागं धावली. डोक्यातून घशात, घशातून जिभेवर, आणि थप्पकन दरबाराच्या मधोमध येऊन पडली. चांगली हातभर पाल!

एवढी मोठी पाल तोंडातून कशी आली? राजानं आ केवढा केला होता, ते बघितलं असतंस तर विचारलं नसतंस.

सगळे पाय वर घेऊन उभे. पाल मान वर करून म्हणाली, चुक्, चुक्, चुक्. आणि सवय कशी असते बघा, समोर पाल दिसत असूनही सगळ्यांची बोटं पुन्हा टकटक करायला वर गेली.

‘थांबा!’ आत्या म्हणाली. ‘मला ऐकू येत नाही. कुणीतरी सांगा, ही काय म्हणते आहे?’

राणी केतकी पुढं झाली. आत्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, ‘आत्याबाई, ती चुक चुक म्हणते.’

‘काय म्हणते?’

‘चूक! चूक!’

आत्यानं कपाळावर हात मारला. ‘मग? ती बापडी कधीची चूक, चूक म्हणून सांगते आहे, आणि तुम्ही सगळे खरं, खरं म्हणून टाळ वाजवल्यासारखे वाजवत बसलात? अरे, पाल साक्ष देते ती बोललेल्याला. हा तोंडानं काही बोलला होता का? मनातल्या मनात ठेवलेल्याला कुठली आली साक्ष?’

 प्रधान चौरंगावरचं बोट हळूच मागं घेऊन उपरण्यात लपवायला लागला. एवढं उघड उघड बोलणं ऐकून पालीचा जीव घाबरा झाला. तिथं आता तिला खायला काहीच नव्हतं. ती आक्रसली, बोटाएवढी झाली, दाण्याएवढी झाली, आणि फटीतून निघून गेली. कुठं गेली ते ठाऊक नाही.

राजानं डोकं चाचपलं. हलकं झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. तो हसायला लागला. पण मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाही. कारण पाल गेली तरी प्रश्न तिथंच होता. सगळ्यांनी ऐकला होता. राणी दुपारी कुठं जाते?

राजा खाली उतरला. ह्या वेळी ओरडला नाही, गिळलंही नाही. सरळ विचारलं, ‘केतकी, त्या वाटीत काय असतं गं?’

 राणीनं कपाळावरचा पदर मागं सारला. तिच्या कपाळावर आडवा वळ होता, चिंधी करकचून बांधली की उठतो ना, तसा.

ती म्हणाली, ‘वाटीत लेप असतो, महाराज. सुंठीचा. तुमच्यासाठी केलेला. वैद्यबुवा गेल्यावर मीच उगाळते. तुम्हाला आता लेप नको असतो, बघितला तरी घाबरता. मग तो मी घेऊन जाते. कोठारात अंधार असतो. डोक्याला चिंधी बांधून पडते तिथं. माझंही डोकं दुखतं.’

‘तुझं? कधीपासून?’

‘तुमच्या आधीपासून.’

‘मग तू सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं होतं. लग्न झालं त्या उन्हाळ्यात. तुम्ही म्हणालात, ऊन लागलं असेल. पुढं पुन्हा एकदा सांगितलं, तर म्हणालात, जरा पडून राहा. तुमचं डोकं दुखतं तेव्हा सगळं राज्य जागं होतं, महाराज. माझं दुपारी दुखायला लागतं, आणि ते थांबायच्या आत संध्याकाळी तुमचं डोकं दाबायची वेळ होते.’

राजाचा चेहरा कसानुसा झाला. ‘म्हणजे तुझ्याही डोक्यात पाल...’

‘नाही हो,’ राणी म्हणाली. ‘पालबिल काही नाही. नुसतंच दुखतं.’

बरं का, पोरांनो, काही डोकी अशी नुसतीच दुखतात. त्यांना कारण नसतं, करणी नसते, पाल नसते. माणसाचं काही चुकलेलं नसतं. तरी दुखतं. आणि ते कुणी विचारल्याशिवाय दिसत नाही.

राजा तिथं भर दरबारात रडला. लाजला नाही. मग त्यानं डोळे पुसले आणि हुकूम सोडला, ‘चौघडा बंद करा. समया विझवा. काढलेले सगळे पडदे पुन्हा लावा.’ काळ्या पडद्याच्या पालखीतून राणीला नेलं खरं, पण सीमेपार नाही, आतल्या महालात. राजानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दाबायला लागला. आता त्यानं जन्मात कुणाचं डोकं दाबलं होतं का? गवंड्यानं भिंत ठोकून बघावी तसा दाबायला लागला. राणी म्हणाली, ‘अहो, हळू. भुवईपासून घ्या. अंगठ्यानं. आता खाली मानेकडं. हां, तिथं.’ ती शिकवत गेली, तो शिकत गेला. थोड्या वेळानं ती बोलायची थांबली. राजानं वाकून बघितलं, तर तिला झोप लागली होती. त्याच्या मांडीला मुंग्या आल्या, पण तो हलला नाही.

मग सगुणाक्का गाडीतून उतरली. राजानं तिची माफी मागितली. ‘आणि चंचीत काय लपवत होतीस?’ असंही विचारून घेतलं, तेव्हा तिनं जायफळ दाखवलं आणि त्या पोरींची गाऱ्हाणी पोटभर ऐकवली. दुसऱ्या दिवशी पहाटे महालात दूध-जिलबीच्या दोन वाट्या गेल्या. वैद्यबुवा आले, त्यांनी सगळ्या दरबाराला अंगाई म्हणून दाखवली आणि पुन्हा मधेच विसरले.

डोकी दुखायची थांबली का? नाही थांबली. मी खोटं कशाला सांगू? राजाचं कधीमधी दुखायचं, राणीचं तर दुखायचंच. पण आता ज्याचं दुखेल त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं पडदे ओढायचे. आणि दोघांचं एकदम दुखलं तर? तर आत्याबाई मध्ये बसायच्या आणि दोन्ही हातांनी दोघांची दाबायच्या. असं करत करत राजाराणी म्हातारी झाली आणि सुखात राहिली. तशीच सुखाची झोप आता तुम्हाला लागो.

चला, गोधड्या ओढा. आणि कुणाच्या मनात माझ्याबद्दल काही असेल तर आत्ता विचारून टाका. गिळून झोपायचं नाही.

काय म्हणालीस?

माझं? हो गं बाई, दुखतं कधीकधी. आज जरा जास्तच दुखतं आहे. पण तुम्ही झोपा आता.

बरं, ये. अशी ये इकडं. हळू हं. भुवईपासून घे.